सरांच्या बरणीतलं पाणी

सरांच्या घरी कोणी आलं की त्याला आधी पाणी दाखवलं जाई आणि मग पाणी दिलं जाई. प्यायचं पाणी तांब्यात असे. दाखवायचं एका मोठ्या पारदर्शक बरणीत असे, तांबडं आणि गढूळ. सर ती बरणी दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरत आणि म्हणत, "बघा. सकाळपर्यंत हे सगळं तुम्ही बसलात त्या बाकावर होतं." पाहुणा बाकावर जरा पुढे सरकून बसे. नंतर आलेला चहा पुष्कळदा अर्धाच राही.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेलो तेव्हा मलाही ती बरणी दाखवली गेली. रत्नागिरीत एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून मला नुकतीच नोकरी लागली होती. आमचं गाव लांज्याच्या आतल्या अंगाला. वडील मुंबईत वॉचमन, आई गावी शेती बघायची. घरातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे पदवीचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबरच घेऊन आलो होतो. सरांनी त्याकडे बघितलंही नाही.

"काय शिकलास?"

"बी.एस्सी. फिजिक्स."

"मग सांग. पाण्यात बुडबुडा सोडला, त्यात धूळ आहे. ती धूळ भिजते का?"

मला वाटलं होतं भाडं विचारतील, गाव विचारतील, मासे शिजवणार का विचारतील. मी जरा विचार केला आणि म्हणालो, "कडेची भिजेल. मधली नाही भिजणार."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पडवीशेजारची खोली तुझी." त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी 'पदवीधर' झालो.

सर तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचं चिऱ्याचं घर मोठ्या रस्त्याला लागून होतं. नोकरी संपली तसं तिथलं वर्कशॉप हातचं गेलं, म्हणून त्यांनी घराच्या हॉलमध्येच आपलं वर्कशॉप थाटलं. टेबलाला व्हाइस, शेजारी ग्राइंडर, ड्रिल, पत्र्याचे तुकडे, पाइप, कोणाकोणाच्या बंद पडलेल्या मिक्सरच्या मोटारी. सोफा भिंतीला उभा करून ठेवलेला होता आणि त्याच्या पाठीवर वायरींची भेंडोळी टांगलेली होती. आम्ही पाहुण्यांना पडवीतच बसवायचो. आत बसायला जागाच नव्हती.

एक सवय त्यांना सगळीकडे होती. कुठेही गेले तरी जवळच्या वस्तूवरून बोट फिरवायचं आणि ते बोट उजेडात बघायचं. बँकेत काउंटरवरून, एसटीत खिडकीच्या कडेवरून. एकदा एका लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायला म्हणून स्टेजवर गेले आणि त्यांच्या राजेशाही खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवून नवऱ्या मुलाला दाखवून आले. मुलाने वाकून नमस्कार केला. खिशात जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचा एक तुकडा असे. तो कशासाठी, ते पुढे सांगतो.

या सगळ्याच्या मागे काकू होत्या. सरांच्या पत्नी. त्यांना दमा होता. सर निवृत्त झाले त्याच वर्षी घरासमोरच्या रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं. दिवसभर डंपर जायचे आणि तांबड्या मातीचा लोट घरावर यायचा. काकूंचा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब ठेवा. सरांनी बाजारातून तयार व्हॅक्युम क्लीनर आणला. तो लावला की काकू जास्तच खोकायच्या. सरांनी छत्रीचं काळं कापड त्या यंत्राच्या मागच्या तोंडाशी धरलं, तर कापडावर पांढुरकं कडं उमटलं. मोठी घाण आतल्या पिशवीत राहत होती आणि बारीक धूळ पिशवीतून गाळली जाऊन परत घरात येत होती. "हा झाडू नाही," सर म्हणाले, "ही तर पिठाची गिरणी." काकू चार दिवसांसाठी म्हणून चिपळूणला बहिणीकडे गेल्या. तिथे त्यांना बरं वाटलं. चार दिवसांची दोन वर्षं होत आली होती.

आणि सरांनी त्यांना शब्द दिला होता, की तुला श्वास घेता येईल असं यंत्र मी करतो, मग ये.

त्यांचं यंत्र पिशवीचं नव्हतं, पाण्याचं होतं. घाणेरडी हवा ओढायची, पाण्यात सोडायची, घाण पाण्यात राहते, चांगली हवा वर येते. काम झालं की पाणी माडाच्या मुळाशी ओतून द्यायचं. सांगायला हे एवढंच. सर म्हणायचे, "पिशवीत घाण लपते. पाण्यात दिसते. आणि जी दिसली नाही, ती काढली कशावरून?"

पण बुडबुड्याने त्यांना छळलं होतं. "बुडबुडा म्हणजे काय, पदवीधर? पाण्यातून जाणारी बंद एसटी. खिडकीला टेकून बसलेली धूळ भिजते. मधल्या सीटवरची कोरडीच पलीकडे उतरते." ती मधल्या सीटवरची धूळ अडवण्यासाठी त्यांची सगळी खटपट चालली होती. परीक्षेची पद्धत त्यांनीच ठरवली होती. आधी यंत्राने तांदळाचं पीठ ओढायचं, मग रांगोळी, शेवटी अंगाला लावायची पावडर, आणि प्रत्येक वेळी मागच्या तोंडावर छत्रीचं कापड ताणून बसवायचं. कापड काळंच राहिलं तर पास. कितीतरी दिवस निकाल एकच लागायचा, "पीठ पास, पावडर नापास."

पहिली बरणी किराणा दुकानातली होती, चकल्या ठेवायची. मोटार सुरू केली तशी आतली हवा खेचली जाऊन ती बरणी सगळ्या बाजूंनी आत बसली आणि फाटकन आवाज झाला. शेजारच्या मामी धावत आल्या. "काय हो सर, सिलिंडर काय?" सर शांतपणे म्हणाले, "नाही. बरणीचं मन मोडलं." मग ते जाड ॲक्रिलिकच्या पत्र्यातून स्वतःच बरण्या करू लागले. पत्रा कापायचा, चिकटवायचा, कडा ग्राइंडरवर घासायच्या, पॉलिश पेपरने गुळगुळीत करायच्या. एक बरणी झाली की दुसरी तिच्याहून बरी करायची.

बुडबुडे फोडायला बारीक जाळी पाहिजे, असं आमचं दोघांचं ठरलं, म्हणून आम्ही मिरकरवाड्याला गेलो. तिथे बंदरावर एक म्हातारे चाचा जाळी दुरुस्त करत बसलेले असत. सरांनी त्यांच्या जाळ्यांवरून बोट फिरवत विचारलं, "याहून बारीक नाही?"

"सर, ह्याच्यात जवला गावतो. तुमाला धरायचा काय हाय?"

"धूळ."

चाचांनी सुई खाली ठेवली. "दर्यात?"

"घरात."

"मग होडी कशाला पायजे, झाडू घ्या," चाचा म्हणाले आणि शेजारी बसलेले सगळे हसले. सरही हसले, पण तुकडा घेतल्याशिवाय हलले नाहीत. पुढे आम्ही मासळी घ्यायला गेलो की चाचा लांबूनच ओरडत, "गावली काय धूल?"

जाळीचे थर बसवले तेव्हा बुडबुडे खरंच बारीक झाले. मात्र यंत्र सुरू केलं की घरभर सुक्या जवळ्याचा वास सुटे आणि आळीतली मांजरं पडवीत येऊन बसत. मामी कुंपणावरून विचारत, "सर, आज मशीन लावलंत की जवळा भाजलात?" वास जावा म्हणून सरांनी जाळी साबणात उकळली. ती नीट धुतली गेली नसावी. पुढच्या वेळी मशीनमधून असा फेस आला की मोटारीत पाणी गेलं आणि घराचा फ्यूज उडाला. सर अंधारल्या हॉलमध्ये, डोक्याला फेस लागलेला, उभे होते. मला वाटलं आता हे सोडून देतील. ते म्हणाले, "साबण नको. हे आज कळलं."

एकदा दिवाळीनंतर ते मशीन घेऊन आमच्या गावी आले. आमची पडवी खडबडीत आहे, तिथे परीक्षा कठीण होईल, असं त्यांना वाटत होतं. लांज्यापर्यंत एसटीत ते बरणी मांडीवर घेऊन बसले होते. आमचं घर शेणाने सारवलेलं आहे, हे मी त्यांना सांगितलं होतं. पण त्याचा अर्थ त्यांच्या किंवा माझ्या ध्यानात आला नाही. नळी जमिनीला टेकवून त्यांनी बटण दाबलं आणि सारवणाचा पापुद्रा खपल्यांनी निघून नळीत जाऊ लागला.

"अवो सर, थांबवा, थांबवा! माजी जमीन चालली त्या नलीत!" आई ओरडली.

सरांनी बटण बंद केलं. हातभर जागा उघडी पडली होती. बरणीत घट्ट काला झाला होता.

"आत्ता दिवालीत केलेली जमीन," आई म्हणाली. मग तिला हसू आवरेना. "सर, तुमच्या मशीनला घान नि जमीन येकच काय?"

सर एवढे ओशाळले की त्यांनी आईला हात जोडले. आई म्हणाली, "हात नका जोडू. शेन कालवून देतंय, तुमीच सारवा." आणि सर खरोखर पँट दुमडून खाली बसले. "तसा नाय, हात उलटा फिरवा. नायतर भाकरी थापल्यासारखी दिसल." ती खरोखर भाकरी थापल्यासारखीच दिसली. आईने पुढे पुष्कळ दिवस तेवढी जागा तशीच ठेवली. कोणी विचारलं की सांगायची, "ही आमच्या लेकाच्या सरांनी केली."

आता सरांची मला सगळ्यात जास्त जाणवलेली गोष्ट सांगतो. ते मत विचारायचे. "पदवीधर, तुझं मत काय?" आणि मग थांबायचे. मध्ये बोलायचे नाहीत, पुढचं काम हातात घ्यायचे नाहीत. मी बोलेपर्यंत माझ्याकडे बघत बसायचे. आमच्या घरात निर्णय वडील मुंबईहून फोनवर सांगत. शाळेत उत्तर विचारत, मत नाही. कॉलेजात मी शेवटच्या बाकावर बसून पास झालो. मला मत आहे हे मला माहीतच नव्हतं. सुरुवातीला मी "तुम्ही म्हणाल तसं सर" म्हणायचो. त्यावर ते म्हणत, "माझं मला माहीत आहे. घरात दोन माणसं असताना एकच मत कसं?" हळूहळू मी बोलायला लागलो. पाणी किती असावं, नळीचं तोंड कुठे असावं. माझं चुकलं तर ते तसं करून दाखवत. बरोबर आलं तर फक्त "हं" म्हणत. त्या 'हं'ची मी दिवसभर वाट बघायचो.

संध्याकाळी काकूंचा फोन यायचा. सर पडवीत उभे राहून त्यांना बुडबुड्यांची हकिकत सांगत. काकू ऐकून घेत. कधी सर मलाही फोन देत. काकू म्हणायच्या, "त्यांना सांग, मास्क लावून काम करा. आणि खिडक्या उघड जरा." खिडक्या सर कधीच उघडू द्यायचे नाहीत. समोरून डंपर जात होते ना.

मग एक दिवस पावडर पास झाली. बरणीत जाळ्यांच्या वर सरांनी एक फिरती चकती बसवली होती, उरलेले थेंब आणि उरलेली धूळ बरणीच्याच भिंतीवर फेकणारी. आम्ही मशीन बराच वेळ चालवलं. छत्रीचं कापड काढून दारात उजेडाला धरलं. ते काळंच होतं. सर आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"आता खरी सफाई. आधी पडवी, मग हॉल. दोन्ही पाण्यांचे फोटो काढ. तिला पाठवायचे."

पडवीचं पाणी नेहमीसारखं तांबडं आलं. "बघ," सर खुशीत म्हणाले, "डंपर." मी ते माडाला ओतलं आणि नवीन पाणी भरलं. मग आम्ही हॉलमधलं सामान एका बाजूला ढकललं आणि पहिल्यांदाच तिथे मशीन फिरवलं. जमीन, खिडक्यांच्या कडा, काकूंच्या जुन्या पडद्याच्या चुण्या. सर स्वतः नळी धरून होते.

मशीन बंद झालं. बरणीत बघितलं तर पाणी तांबडं नव्हतं. राखाडी होतं, जवळजवळ काळं.

"शाईबिई सांडली असेल," सर म्हणाले. "परत भर."

दुसऱ्यांदाही तसंच आलं. सरांनी बरणी खिडकीशी नेली, फिरवली. तळाशी गाळ बसत होता. तो चमकत होता. ते किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मग बरणी टेबलावर ठेवून माझ्याकडे वळले.

"बोल, पदवीधर. तुझं मत काय?"

त्यांनी हे विचारू नये असं मला पहिल्यांदाच वाटलं. मला दिसत होतं ते त्यांनाही दिसत असणार. पण ते मी म्हटलं तर ती दोन वर्षं, ते बरणी मांडीवर घेऊन केलेले प्रवास, काकूंना रोज संध्याकाळी सांगितलेली ती सगळी हकिकत, या सगळ्याचं काय करायचं? आणि नाही म्हटलं, तर ते फोटो पाठवतील, काकू येतील आणि आठवड्यात खोकत परत जातील. सर नेहमीसारखे थांबले होते.

"सर," मी म्हणालो, "रस्त्याची धूळ पडवीत आहे. आत खिडक्या बंद आहेत. आतली धूळ आपलीच आहे. ग्राइंडरची, पॉलिश पेपरची. बरणी घासतो त्याची."

त्यांनी खणातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि गाळात फिरवून वर घेतलं. त्याला लोखंडाच्या किसाची जाड मिशी आली होती. ते स्टुलावर बसले.

"मी निवृत्त झालो त्याच वर्षी रस्ता निघाला," ते म्हणाले. "मी रस्त्याला शिव्या देत बसलो. तिचा खोकला माझ्या टेबलापासून सुरू झाला होता." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हं."

आजवर मला मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांमध्ये तो 'हं' मी वरचा मानतो. मी त्यांचा भाडेकरू होतो, त्यांच्या मुलाच्या वयाचा. ते रागावले असते, गप्प बसले असते, मशीन फेकून दिलं असतं, तरी मी समजू शकलो असतो. त्यांनी ऐकून घेतलं, पारखलं आणि मान्य केलं. आज मी एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडेही आतल्या गावांतून मुलं-मुली येतात, 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणारी. मी त्यांना मत विचारतो आणि थांबतो. थांबणं फार अवघड असतं. सरांना ते कसं जमायचं याचं मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही सामान हलवायला घेतलं. परसात आंब्याच्या पेट्या ठेवायचा जुना मांगर होता. ग्राइंडर, व्हाइस, ड्रिल, पत्रे, मोटारी, सगळं तिकडे गेलं. मामींनी भाच्याला मदतीला पाठवलं आणि स्वतः कुंपणाशी उभ्या राहून सूचना दिल्या. मग परसाकडच्या खिडक्या उघडल्या. मग हॉल पुन्हा पुन्हा त्याच मशीनने साफ केला. पाणी काळं, मग राखाडी, मग फिकट, आणि सरतेशेवटी अगदी सौम्य तांबडं. "हे चालेल," सर म्हणाले. "हे कोकणातलं आहे." मशीनही पुसून मांगरात नेऊन ठेवलं.

संध्याकाळी फोनची वेळ झाली तसे सर मला म्हणाले, "आज तू बोल. मी बोललो तर तिला वाटेल परत बुडबुड्याचं सांगतोय."

काकूंनी विचारलं, "काय रे, झालं का मशीन?"

"झालं, काकू. आणि सरांनी सगळं वर्कशॉप मांगरात हलवलं. हॉल रिकामा आहे. फक्त सोफा आहे."

"ते ग्राइंडर पण?"

"ग्राइंडर पण. धूळ त्याचीच होती, काकू. सरांनी स्वतः बघितलं."

"मला ठाऊक होतं रे," काकू म्हणाल्या.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"माझ्यासाठीच करत होते ना ते. त्यांना कसं सांगू?" मग आवाज बदलून म्हणाल्या, "चिपळूणहून सकाळची गाडी सुटते ना रे अजून?"

सर पडवीच्या खांबाला धरून उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलं असावं, कारण ते लगेच आत गेले आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. सरांनी संध्याकाळी चहा घेतलेला मी तोवर पाहिला नव्हता.

काकू आल्या त्या दिवशी सर स्टँडवर गेले होते. मी घरी थांबलो. रिक्षातून उतरून त्या पडवी ओलांडून हॉलमध्ये आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. उघड्या खिडक्यांतून वारा येत होता. त्यांनी एक श्वास घेतला, मग आणखी एक, मोठा. आम्ही दोघं दाराशी, निकालाच्या दिवशी उभे राहतात तसे उभे होतो. सरांच्या हातात काकूंची पिशवी तशीच होती.

काकूंनी चौफेर बघितलं.

"हा सोफा इथे नव्हता," त्या म्हणाल्या. "खिडकीकडे होता."

सरांनी पिशवी खाली ठेवली. मी एक बाजू धरली, त्यांनी दुसरी धरली, आणि आम्ही सोफा उचलला.